मुखवट्याला टाके

पोराच्या हातात चेक आहे. पैसे त्याने स्वतः कमावले आहेत आणि घरी त्यांची निकड आहे. पण बँकेतला माणूस चेक वटवायला तयार नाही. चेक ‘स्पायडर-मॅन’ या नावाने लिहिलेला आहे आणि समोर उभ्या असलेल्या मुखवटेधाऱ्याकडे त्या नावाचा एकही कागद नाही. अंगातला पोशाख दाखवून भागत नाही. तसला पोशाख कोणीही घालून येईल. खरे नाव सांगावे, तर मुखवटा घालण्यात अर्थच उरत नाही. भिंतीवर सरसर चढणारा, चारचौघांच्या कितीतरी पट ताकद असलेला हा मुलगा तो चेक तसाच खिशात घालून बाहेर पडतो.

मार्च १९६३ अशी तारीख छापलेल्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकातला हा प्रसंग. या संग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मला सगळ्यांत आधी तोच आठवला. उंच इमारतींवरून घेतलेले झोके, जाळी, सहा हातांचा शत्रू हे सगळे त्याच्या मागून आले. साठ वर्षांपूर्वीच्या या कथा आज पुन्हा वाचताना मला वाटते, की त्यांचे खरे नवेपण या न वटलेल्या चेकमध्ये आहे. या मुलाच्या अंगात बळ आहे, पण त्या बळावर घर चालत नाही. आणि घर तर त्यालाच चालवायचे आहे.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीने ऑगस्ट १९६२ ते जुलै १९६६ या चार वर्षांत केलेल्या कथा या संग्रहात आहेत. ‘अमेझिंग फँटसी’ मासिकाच्या पंधराव्या अंकात आलेली अकरा पानांची पहिली कथा, त्यानंतरचे ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चे अडतीस अंक आणि दोन वार्षिक अंक. पुढे या पात्राला अनेकांनी हाताळले, त्यावर चित्रपट निघाले, दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर ते छापले गेले. ते सारे याच पानांतून निघाले आहे.

ही पाने जवळजवळ निघालीच नसती. ‘अमेझिंग फँटसी’ हे मासिक बंद पडायच्या बेतात होते. पंधरावा अंक त्याचा अखेरचा ठरला. प्रकाशक मार्टिन गुडमन यांना ही कल्पना आवडली नव्हती, असे ली आयुष्यभर सांगत राहिले. कोळ्याची लोकांना किळस येते; पोरसवदा मुलगा नायकाचा मदतनीस शोभतो, नायक नव्हे; आणि नायकाला कसल्या आल्यात घरगुती अडचणी! आपली स्मरणशक्ती कच्ची आहे हे ली स्वतःच कबूल करत, तेव्हा हा संवाद शब्दशः असाच झाला असेल असे मी म्हणणार नाही. पण आक्षेप त्या काळाला धरून होते, हे मात्र खरे.

तोवर कॉमिकमधल्या किशोरवयीन मुलांची जागा ठरलेली होती. १९४०मध्ये बॅटमनच्या शेजारी रॉबिन आला, १९४१मध्ये कॅप्टन अमेरिकाच्या शेजारी बकी. त्यांनी वडीलधाऱ्याच्या मागे धावायचे, मधूनच शत्रूच्या तावडीत सापडायचे आणि सुटका झाली की पुन्हा धावायला लागायचे. १९४०मधलाच बिली बॅटसन हा मुलगा एक मंत्र उच्चारायचा आणि सरळ मोठा माणूस होऊन जायचा. म्हणजे पराक्रम पुन्हा मोठ्याचाच. सुपरबॉयच्या कथा १९४५पासून येत होत्या, पण हा मुलगा पुढे सुपरमॅन होणार हे वाचकाला आधीच माहीत असल्याने त्याच्याबद्दल जिवाला घोर लागत नसे. त्यातच १९५४मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिकमुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. गुन्हा रंगवायचा नाही, अधिकाऱ्यांची टिंगल करायची नाही, शेवटी चांगल्याचाच विजय दाखवायचा. ही पहिली कथा त्या चौकटीत राहूनच लिहिली गेली. गुन्हेगार पकडला जातो, पोलिसांच्या हवाली होतो, संहितेला बोट ठेवायला जागा राहत नाही. तरीही कथेच्या शेवटी कोणीच जिंकलेले नसते.

पीटर पार्कर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फॉरेस्ट हिल्समध्ये बेन काका आणि मे काकूंकडे वाढतो. आईवडील नाहीत. अभ्यासात हुशार, अंगाने किडकिडीत, चष्मा, वर्गात एकटा. एका प्रयोगाच्या प्रात्यक्षिकात किरणोत्सर्ग झालेला कोळी त्याला चावतो. आता ही ताकद अंगात आल्यावर तो पहिली गोष्ट काय करतो? कुस्तीच्या आखाड्यात जातो. क्रशर होगन नावाच्या पहिलवानासमोर तीन मिनिटे टिकणाऱ्याला शंभर डॉलर बक्षीस असते, ते मिळवतो. मग पोशाख शिवतो, टीव्हीवर कार्यक्रम करतो. जगाचे भले करण्याचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही, आणि कथाकार त्याबद्दल त्याला दोषही देत नाहीत. पैसा नसलेल्या घरातल्या मुलाला पैशाचाच विचार आधी सुचणार. स्टुडिओच्या बोळात एक चोर त्याच्या समोरून पळून जातो. अडवणे सहज शक्य असूनही तो अडवत नाही. ते माझे काम नाही, अशी त्याची समजूत. काही दिवसांनी काकांचा खून होतो. खुन्याला जुन्या गोदामात गाठून त्याचा चेहरा पाहतो, तर हा तोच चोर.

बळ आणि जबाबदारी यांचे नाते सांगणारे या कथेतले वाक्य आज जगभर पाठ आहे. बहुतेकांच्या मते ते बेन काका पुतण्याला सांगतात. पहिल्या कथेत तसे काहीही नाही. काकांच्या वाट्याला इथे जेमतेम दोन-चार वाक्ये आली आहेत. ते प्रसिद्ध वाक्य शेवटच्या चौकटीत, मान खाली घालून अंधारात चालत जाणाऱ्या मुलाच्या चित्रावर, निवेदनाच्या मजकुरात येते. काकांच्या तोंडी ते नंतरच्या लेखकांनी घातले. मला हा फरक फार मोठा वाटतो. काकांनी उपदेश केला असता आणि मुलाने तो ऐकला नसता, तर ही आज्ञाभंगाची कथा झाली असती. इथे त्याला आधी कोणीच काही सांगितलेले नाही. जे कळले ते काका गेल्यावर, आणि कोणी न शिकवता कळले.

काका गेल्यावर काय होते, हे सांगायला बाकीचे अडतीस अंक आहेत. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. पीटर घराचा कर्ता होतो. पहिल्याच अंकात घरभाडे थकलेले आहे आणि काकू आपले दागिने गहाण टाकायला गेलेल्या त्याला दिसतात. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या नामवंत चमूत भरती होऊन भक्कम पगार मागावा म्हणून तो त्यांच्या इमारतीत घुसतो. तिथे कळते की या संस्थेत पगारच मिळत नाही. दुसऱ्या अंकात त्याला वाट सापडते. उडणाऱ्या ‘व्हल्चर’चे फोटो काढून तो ‘डेली ब्यूगल’चा मालक जे. जोना जेमसन याला विकतो. त्या पैशांतून वर्षभराचे भाडे फेडतो आणि काकूंच्या स्वयंपाकघरासाठी नवी उपकरणे घ्यायचे ठरवतो. मात्र हा जेमसन स्पायडर-मॅनचा कट्टर वैरी आहे. पीटरने आणलेले फोटो छापून तो त्याच स्पायडर-मॅनला गुन्हेगार ठरवतो. म्हणजे या मुलाची कमाई ही त्याच्या स्वतःच्या बदनामीची कमाई आहे, आणि ती थांबली तर काकूंची औषधे थांबतील.

नवव्या अंकात काकूंच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागतात. पीटर तेव्हा खोटा फोटो तयार करतो. विजेचा झटका देणारा ‘इलेक्ट्रो’ हाच स्पायडर-मॅन आहे असे भासवणारा. जेमसन आनंदाने पैसे मोजतो. आदर्श नायकांच्या त्या दुनियेत हे पान छापले गेले याचे मला आजही नवल वाटते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नववीत असताना त्याचे वडील गेले. पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून तो शाळेत यायचा आणि तिसऱ्या तासाला त्याची मान कलायची. आम्ही हसायचो. सहलीची वर्गणी तो देत नसे, क्रिकेटला थांबत नसे, म्हणून तो आम्हाला शिष्ट वाटायचा. खरे कारण त्याने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पीटर पार्करला फ्लॅश थॉम्पसन आणि त्याची टोळी भित्रा म्हणते, लिझ अॅलनला तो घुमा वाटतो. पुढे कॉलेजच्या पहिल्या दिवशी काकू रुग्णालयात असल्यामुळे तो कोणाशी धड बोलत नाही, तर नव्या सोबत्यांचा समज होतो की स्वारीच्या डोक्यात हवा गेली आहे. मुखवटा हा फक्त लाल कापडाचा नसतो, हे मला त्या वर्गमित्रामुळे पटले.

चित्रांबद्दल बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही, कारण कर्तेपणाची ही कथा अर्धी अधिक चित्रांनीच सांगितली आहे. पहिली काही पाने आधी जॅक किर्बी यांनी काढली होती. त्यांचा नायक फारच धडधाकट दिसतो असे लींना वाटले आणि काम डिटको यांच्याकडे गेले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र किर्बींचीच रेषा आहे. तिच्यावर शाई डिटकोंनी चढवली. आतल्या पानांवरचा मुलगा आणि मुखपृष्ठावरचा मुलगा शेजारी ठेवून पाहा. मुखपृष्ठावर खांदे भरलेले आहेत. आत बारीक मान, पुढे झुकलेले खांदे आणि हाडे दिसणारी मनगटे.

स्टीव्ह डिटको १९२७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी जन्मले. न्यूयॉर्कला येऊन ते जेरी रॉबिन्सन यांच्या हाताखाली चित्रकला शिकले. स्पायडर-मॅनचा चेहरा पूर्ण झाकायची कल्पना त्यांची. तोवरच्या नायकांची हनुवटी आणि तोंड बहुधा उघडे असे. इथे पोरसवदा चेहरा लपवायचा होता. पण भाव दाखवायला चेहराच उरला नाही, तर चित्रकाराने काय करायचे? डिटकोंनी सगळा भार हातांवर आणि पाठीवर टाकला. जाळे सोडताना तळहातावर दुमडलेली मधली दोन बोटे, छपराच्या कडेवर कोळ्यासारखी बसलेली आकृती, पाण्याच्या टाकीमागे पोक काढून बसलेला दमलेला मुलगा. पोशाखात नसताना पीटरच्या निम्म्या चेहऱ्यावर ते मधूनच मुखवटा रेखाटत. त्या क्षणी त्याच्या मनात कोण बोलते आहे ते एका रेघेत कळे. त्यांचे न्यूयॉर्क विटांच्या भिंतींचे, लोखंडी जिन्यांचे, गच्च्यांचे आणि गोद्यांचे आहे. श्रीमंत रस्ते फारसे दिसत नाहीत.

चौथ्या अंकात वाळूचा देह असलेल्या ‘सँडमॅन’शी झुंजताना मुखवटा फाटतो. चेहरा उघडा पडेल म्हणून स्पायडर-मॅन झुंज अर्धी सोडून पळतो आणि घरी येऊन सुईदोरा घेऊन टाके घालत बसतो. साहसकथेत टाके घालण्याला जागा द्यावी, हे कोणाला सुचले असेल? कागदावर नीट नोंद नाही. कारण या मंडळींच्या कामाची पद्धतच तशी होती. ली कथेची रूपरेषा सांगत, डिटको ती पानांवर उतरवत, आणि काढून झालेल्या पानांवर ली संवाद लिहीत. मग आर्टी सिमेक किंवा सॅम रोझेन ती अक्षरे फुग्यांमध्ये सुबक उतरवत. म्हणजे कोणत्या प्रसंगाला किती चौकटी, कोण कुठे वळून पाहते, शांतता किती लांबवायची हे सारे चित्रकार ठरवी. पंचविसाव्या अंकापासून (जून १९६५) कथानकाचे श्रेय डिटकोंना छापून मिळू लागले. तोवर दोघांचे एकमेकांशी बोलणे थांबलेले होते; पाने कचेरीतल्या तिसऱ्या माणसाच्या हातून जात-येत.

श्रेय कोणाचे, हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही. २०१८मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघेही गेले. मी एका बाजूला उभा राहणार नाही, पण पाने वाचून झालेले मत सांगतो. घर, थकवा, कोंडलेपण हे डिटकोंचे. लढता लढता वाह्यात विनोद करणारी, भीती दडवायला सतत चालणारी जीभ लींची. डिटकोंचा पीटर एकटा राहिला असता तर वाचवला नसता इतका तो कडवट झाला असता, आणि लींचा स्पायडर-मॅन एकटा असता तर नुसता बडबड्या ठरला असता. या कथा घाईने लिहिल्या जात होत्या हेही विसरू नये. पहिल्या अंकातल्या दुसऱ्या कथेत नायकाचे आडनाव पार्करऐवजी पामर छापले गेले आहे. आमच्या संग्रहातही ती चूक तशीच ठेवली आहे.

खलनायकांची यादी देत बसत नाही. वाचक त्यांना भेटेलच. एवढेच पाहावे, की त्यांतले बहुतेक वयाने पीटरच्या काकांच्या बरोबरीचे आहेत, आणि पुष्कळांना ताकद त्याच्यासारखीच अपघाताने मिळालेली आहे. डॉक्टर ऑक्टोपस हा शास्त्रज्ञ. प्रयोगातल्या स्फोटात धातूचे चार हात त्याच्या देहाला चिकटले. इलेक्ट्रो हा विजेच्या तारांवर काम करणारा कामगार, अंगावर वीज पडली. कर्ट कॉनर्स गमावलेला हात परत मिळवायला औषध घेतो आणि सरडा होतो. ताकद येताच कित्येकांना आधी पैसा सुचतो. आखाड्यात उतरलेल्या पीटरलाही तोच सुचला होता. ताकद अशी अपघातानेच मिळण्याला किती अर्थ आहे, हे मला या कथेचे भारतीय रूप वाचताना जाणवले. २००४मध्ये गोथम एंटरटेनमेंटने ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ काढले. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा खेड्यातला मुलगा मुंबईत शिकायला येतो, धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. जीवन कांग यांची चित्रे देखणी आहेत. पण तिथे ताकद एका योग्याकडून वरदान म्हणून मिळते, दुष्टांशी लढण्यासाठी निवड होते. त्यात मला मूळ कथेचा कणाच निसटल्यासारखा वाटतो. पीटरला कोणी निवडलेले नाही. कोळी दुसऱ्या कोणालाही चावू शकला असता.

या कथांत मला खटकणारे पुष्कळ आहे. बेटी ब्रँट आणि लिझ अॅलन या मुलींना मत्सर आणि रडण्यापलीकडे काम नाही. ग्वेन स्टेसी येते तेव्हा फक्त नाक उडवायला येते. शीतयुद्धाच्या छायेतले हेर कागदी आहेत. अडतिसाव्या अंकात निदर्शने करणारे विद्यार्थी निव्वळ मूर्ख रंगवले आहेत आणि पीटर त्यांच्याशी तुसडेपणाने वागतो. त्या वर्षांत अमेरिकेतल्या तरुणांनी रस्त्यावर मांडलेले प्रश्न पाहता ते पान वाचताना मला लाज वाटते. ते गाळावे असे मात्र वाटत नाही.

काळ इथे पुढे सरकतो, हीदेखील तेव्हा नवी गोष्ट होती. सुपरमॅनचे वय वाढत नसे. पीटरचा चष्मा आठव्या अंकात फुटतो आणि तो पुन्हा घालत नाही. अठ्ठाविसाव्या अंकात, सप्टेंबर १९६५मध्ये, तो शाळा संपवून शिष्यवृत्तीवर कॉलेजात जायला निघतो. पहिला अंक बारा वर्षांच्या वयात वाचलेला मुलगा तोवर चौदा-पंधराचा झालेला होता.

आणि मग एकतीस ते तेहतीस हे तीन अंक. सगळा संग्रह वाचायला सवड नसेल त्याने पहिली कथा वाचावी आणि सरळ इथे यावे. काकू मरणाच्या दारात आहेत. दहाव्या अंकात पीटरने त्यांना आपले रक्त दिले होते. त्या रक्तातला किरणोत्सर्गच आता त्यांना मारतो आहे. मदत म्हणून जे दिले तेच विष झाले. औषध आहे, पण ते डॉक्टर ऑक्टोपसच्या टोळीने पळवले आहे. पाण्याखालच्या त्याच्या अड्ड्यात झुंज होते, छत कोसळते आणि लोखंडाचे अवजड यंत्र पीटरच्या पाठीवर येते. औषधाची कुपी समोर काही पावलांवर पडली आहे, हात पोहोचत नाही. वरून पाणी ठिबकते आहे. बत्तिसावा अंक तिथेच संपतो, आणि तेव्हाच्या वाचकांना महिनाभर वाट पाहावी लागली.

तेहतिसाव्या अंकाची सुरुवातीची पाने डिटकोंनी फक्त वजन उचलण्यावर खर्च केली आहेत. शत्रू नाही, मारामारी नाही. एक मुलगा आणि त्याच्यावरचे ओझे. चौकटी सुरुवातीला अरुंद आहेत, यंत्र त्यांना दाबून टाकते. काका आठवतात, काकू आठवतात. तो सुटायचा प्रयत्न करतो, जमत नाही, पुन्हा करतो. यंत्र इंचभर हलते तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि पाचव्या पानावर एकच चित्र आहे, अख्ख्या पानाचे. हे पान पाहताना घाई करू नये.

पण प्रस्तावनेत मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या पानांबद्दल, कारण वाचक तिथे भरभर पाने उलटतो. यंत्र फेकून दिल्यावर अंक संपत नाही. पाणी आत घुसते, टोळीतली माणसे अजून वाटेत आहेत आणि त्याच्या अंगात त्राण नाही. औषध तो कॉनर्सकडे पोहोचवतो, मग ते रुग्णालयात जाते. मधल्या वेळात पीटर सुजलेल्या चेहऱ्याने ‘ब्यूगल’च्या कचेरीत जातो आणि लढाईचे फोटो विकतो, कारण रुग्णालयाचे बिल भरायचे आहे. बेटी त्याच्या तोंडावरच्या जखमा पाहून हादरते. तो तिला कारण सांगू शकत नाही. जेमसन नेहमीसारखा पैशांवरून कुरकुरतो. नंतर पीटर काकूंच्या उशाशी जाऊन थांबतो. डॉक्टर येऊन सांगतात की त्या वाचतील. डिटकोंनी इथे मोठे चित्र काढलेले नाही. पुन्हा नेहमीच्या छोट्या चौकटी आहेत, त्यांत जाकीट घातलेला, डोळे मिटायला आलेला एक मुलगा रुग्णालयातून बाहेर पडतो आणि घराकडे चालू लागतो.